पाण्याचा आकडा कुठे मोजला?

पाणीपुरवठ्याच्या नियोजनातील शब्द तांत्रिक असतात, म्हणून ते काटेकोरही असणार असे आपण गृहीत धरतो. आमच्या मते हे गृहीत तपासून पाहायला हवे. नाशिक शहराच्या संदर्भात नेहमी कानांवर पडणारे तीन शब्द येथे घेऊ : ‘टक्के साठा’, ‘दरडोई पाणी’ आणि ‘मागणी’.

गोदावरीवरील गंगापूर धरण १९६५ साली पूर्ण झाले. त्याची मूळ क्षमता सुमारे ७,२०० दशलक्ष घनफूट होती. गाळ साचल्यामुळे आता ती ५,६३० धरली जाते. गाळ फक्त तळातल्या मृत साठ्यातच बसतो, ही समजूत बरोबर नाही. नदी जलाशयात शिरते तेथे वेग मंदावतो आणि जाड गाळ वरच्या, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या भागातच पडू लागतो. आता ‘धरण निम्मे भरले’ या वाक्याचा अर्थ पाहा. जुन्या क्षमतेने निम्मे म्हणजे ३,६०० दशलक्ष घनफूट. आजच्या क्षमतेने २,८१५. टक्केवारी तीच, पाणी मात्र ७८५ ने कमी.

हा फरक किती मोठा? एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका क्षेत्राची लोकसंख्या १४,८६,०५३ होती. माणशी रोज १३५ लिटर धरले, तर दिवसाला सुमारे २० कोटी लिटर, म्हणजे ७.१ दशलक्ष घनफूट पाणी लागते. केवळ तुलनेसाठी पाहिले, तर वरचा फरक एवढ्या लोकवस्तीच्या ११० दिवसांच्या पाण्याइतका भरतो. प्रत्यक्षात धरणातून शेतीलाही पाणी जाते आणि शहराला दारणा व मुकणे धरणांचेही पाणी मिळते, हे अर्थात लक्षात ठेवले पाहिजे.

१३५ हा आकडा केंद्र शासनाच्या १९९९ च्या नियमावलीतला. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरांसाठी तो सुचवला आहे. त्यात बेहिशेबी पाणी धरलेले नाही. ते वेगळे मोजावे आणि १५ टक्क्यांच्या आत ठेवावे, असे नियमावलीच सांगते. व्यवहारात मात्र धरणातून उचललेल्या पाण्याला लोकसंख्येने भागून ‘दरडोई’ आकडा काढला जातो. तो नळाचा आकडा नव्हे, पंपाचा आहे. शिवाय ती सरासरी आहे. जलकुंभाजवळच्या घरी २०० लिटर आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला ७० लिटर मिळाले, तरी सरासरी १३५ च येते.

‘मागणी’ या शब्दावर आमचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. घरात १३५ लिटर पोहोचवायचे आणि वाटेत १५ टक्के पाणी जाते, तर उचलावे लागते १५९ लिटर. वाटेत ४० टक्के जात असेल, तर २२५. दोन्ही ठिकाणी माणूस तेवढेच पाणी वापरतो. पण कागदावर दुसऱ्या शहराची ‘मागणी’ ६६ लिटरने जास्त दिसते. म्हणजे फुटक्या नळाची तहान नागरिकाच्या नावावर लिहिली जाते. मग त्यालाच बचतीचा उपदेश होतो आणि नव्या धरणाचे समर्थनही याच आकड्याने केले जाते. घरातली बचत अनावश्यक आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण जमिनीखालची गळती तिने भरून निघत नाही. कपातीच्या काळात दाब कमी होतो आणि पहिला फटका शेवटच्या टोकाच्या घराला बसतो. शब्दातल्या ढिलाईची किंमत तेथे मोजली जाते.

‘नळ बंद करा’ या फलकाबरोबरच शाळेत आणखी एक काम करता येईल. विद्यार्थ्यांनी आठवडाभर आपापल्या घरी भरलेले हंडे-बादल्या, टाकी किंवा मीटर यांवरून रोजचे पाणी मोजावे आणि घरातल्या माणसांनी भागावे. वर्गात सरासरी काढावी. पण तेवढ्यावर थांबू नये. सर्व आकडे चढत्या क्रमाने फळ्यावर लिहावेत आणि पहिला व शेवटचा आकडा कोणत्या वस्तीचा आहे ते नकाशावर पाहावे. पुढे पाण्याचा कोणताही आकडा समोर आला, की तो धरणात मोजला, पंपावर मोजला की नळाखाली, हे विद्यार्थी आपण होऊन विचारू लागतील. पाणीपुरवठ्याच्या पाठातून एवढे साधले तरी पुष्कळ झाले.