मागच्या भागाचा धागा

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की आपले समीक्षक ती बारकाईने पाहतात. प्रस्तावना गाळली का, प्रकरणे पुढेमागे झाली का, मलपृष्ठावरच्या मजकुराने कथेचे बिंग फोडले का, यावर लिहितात, प्रसंगी भांडतात. दूरचित्रवाणी मालिकांचे जे सीडी आणि डीव्हीडीचे संच २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत घरोघर पोचले, त्यांच्या वाट्याला ही नजर कधी आली नाही. तो दुकानातला माल समजला गेला. आम्ही त्याला आवृत्ती समजतो. पुस्तकांचे कपाट नाही पण टीव्हीखाली सीडींचा डबा होता, अशी घरे आमच्या नेवाशात पुष्कळ. 'महाभारत', 'मिर्झा गालिब', 'अलिफ लैला' ही नावे आमच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा ऐकली ती त्या डब्यामुळे. तेव्हा त्या आवृत्त्या कशा होत्या हे विचारणे आम्हाला अदबचे, म्हणजे साहित्याचेच काम वाटते.

आमच्या हाती आलेल्या बऱ्याच संचांत दोन गोष्टी खटकल्या. भागाच्या आरंभी येणारा 'मागील भागात' हा तुकडा कापलेला असे. आणि वेष्टनावर, मेनूतल्या छोट्या चित्रांत, पुढचे सगळे आधीच सांगून टाकलेले असे. एका ठिकाणी मागचे गाळले, दुसऱ्या ठिकाणी पुढचे उघडे केले. दोष उलटसुलट दिसतात, पण मूळ एकच. गोष्ट कोणत्या क्रमाने सांगायची हा सांगणाऱ्याचा अधिकार असतो, याची संच काढणाऱ्याला जाणीवच नव्हती.

'मागील भागात' म्हणजे वाया गेलेली दोन मिनिटे, असे ज्यांना वाटते त्यांनी तो तुकडा कोणासाठी असतो ते पाहावे. बी. आर. चोप्रा यांचे 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाले आणि २४ जून १९९० रोजी संपले. एकूण ९४ भाग, दर रविवारी सकाळी. मध्ये आठवड्याचे अंतर. त्यात वीज जाणार, पाहुणे येणार, उसाला पाणी द्यायची पाळी नेमकी त्याच वेळी येणार. पुढच्या रविवारी येऊन बसलेल्या माणसाला कोणीतरी हात धरून आत न्यावे लागे. पटकथा आणि संवाद लिहिणारे राही मासूम रझा यांनी हे काम 'समय' नावाच्या निवेदकावर सोपवले. पडद्यावर फिरणारे चक्र आणि हरीश भिमाणी यांचा आवाज, एवढेच त्याचे रूप. अनेक भागांच्या आरंभी हा समय बोलतो, मागचे आठवून देतो, आणि आठवून देता देता स्वतःचे मतही देऊन जातो. कोण कुठे चुकले, आज पाहणाऱ्याने त्यातून काय ओळखावे, हे तो राजा-महाराजांची भीड न ठेवता बोलतो.

आपल्या संमेलनांतून राहींचे नाव अभिमानाने घेतले जाते. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीवर 'आधा गाँव' लिहिणारा मुसलमान कादंबरीकार महाभारत लिहितो, यावर टाळ्या पडतात. पण महाभारतात राही नेमके कुठे आहेत? कथा व्यासांची, दिग्दर्शन चोप्रांचे. राहींचा स्वतःचा आवाज सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो समयाच्या तोंडून. आमच्या पाहण्यातल्या एका स्वस्त संचात हे समयाचे बोलणेच जागोजाग आखूड केलेले होते. जागा वाचवायची म्हणून कोणीतरी कात्री घेतली आणि ती बरोबर लेखकावर चालवली. युद्धातला एक बाण कमी झाला नाही. ज्या आवृत्तीतून लेखकच गाळला गेला तिच्या वेष्टनावर 'संपूर्ण' असे छापलेले असते, हे विशेष.

मागचे आठवून देण्याची ही रीत काही दूरदर्शनने शोधलेली नाही. तिचे एक जुने उदाहरण आमच्या गावातच आहे. शके १२१२, म्हणजे १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती उतरवून घेतली. ज्या खांबाला टेकून ती सांगितली असे मानतात तो पैसाचा खांब आजही येथे आहे. आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक असलो तरी नेवाशात राहून ज्ञानेश्वरी न उघडणे जमणारे नाही. तिच्या दहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानेश्वर थांबतात आणि मागच्या नऊ अध्यायांत काय काय येऊन गेले ते क्रमाने सांगतात. अठराव्यातही मागे वळून पाहतात. पोथी छापली गेल्यावर मागची पाने हवी तेव्हा उलटता येऊ लागली, तरी हा भाग आता निरुपयोगी झाला म्हणून कोणी गाळला नाही. तो भाग माहितीसाठी नाहीच. सांगणारा तिथे श्रोत्यांकडे मान वर करून बघतो, सगळे बरोबर आहेत ना याची खात्री करतो. 'अलिफ लैला'तही पहाट झाली की शहरजाद थांबते आणि पुढच्या रात्री धागा पुन्हा उचलते. त्या उचलण्यातच तिचा जीव अडकलेला आहे. रात्रींमधले सांधे काढून सगळ्या गोष्टी सलग छापल्या तर गोष्टी राहतील, शहरजाद राहणार नाही.

बी.एड.ला पाठ टाचण काढताना पहिली पायरी असते पूर्वज्ञानाची. उर्दूत आम्ही तिला साबिक़ा मालूमात म्हणतो. काल काय शिकलो हे विचारल्याशिवाय आजचा धडा सुरू करायचा नाही. नवशिका शिक्षक ही पायरी उरकून टाकतो, आणि मग काल गैरहजर असलेली चार मुले तासभर खिडकीबाहेर बघत बसतात. आमच्या वर्गात अशी मुले रोज असतात. कोणी ऊसतोडीवर गेलेल्या आई-बापांबरोबर असतो, कोणाला धाकट्या भावाला सांभाळायचे असते. हजर मुलांचे पूर्वज्ञान तपासण्यात वेळ जातो असे म्हणणाऱ्याने आधी हजेरीपट पाहावा.

घरातल्या प्रेक्षकांचाही असा हजेरीपट मांडता येईल. संच काढणाऱ्याने मनात धरलेला प्रेक्षक सोफ्यावर एकटा बसलेला आहे, त्याला वेळच वेळ आहे, एका बैठकीत सहा भाग बघेल. त्याला गोषवारा नको असतो हे खरे. पण आमच्याकडे सीडी लागते तेव्हा खोलीत नऊ जण असतात. अम्मीचे एक पाऊल स्वयंपाकघरात. शेजारच्या खाला मगरिबनंतर येणार. दादीला झोप लागून जाते. मध्येच भारनियमनाची वेळ होते. एक काळ असा होता की खेड्यापाड्यांत दिवसातले कितीतरी तास वीज नसे, आणि अर्धी राहिलेली सीडी दोन दिवसांनी पुन्हा लावली जाई. यातल्या प्रत्येकाला 'मागील भागात' हवा असतो. तो कापला की पहिल्यांदा गळते ती घरातली बाई. आधीच ती गोष्ट तुकड्यातुकड्याने पाहत असते. ती दोनदा विचारते, "ये कौन था?", पोरे वैतागतात, तिसऱ्यांदा ती विचारत नाही.

'यूसुफ पयंबर' या इराणी मालिकेच्या बाबतीत आम्ही हे जवळून पाहिले. फरजुल्लाह सलहशूर यांनी दिग्दर्शित केलेली ही ४५ भागांची मालिका २००८ साली इराणच्या दूरचित्रवाणीवर आली. पुढे उर्दूत डब होऊन ती आपल्याकडच्या कितीतरी मुस्लिम घरांत सीडीवरून पाहिली गेली. पैगंबरांची भूमिका नटाने करावी का, यावर आपल्यात तीव्र मतभेद आहेत आणि ते गंभीर आहेत. पण तो या लेखाचा विषय नव्हे. आमच्या हाती लागलेल्या संचात एकेका सीडीवर सात-आठ भाग कोंबलेले होते. दोन भागांमधले सांधे छाटलेले. एक प्रसंग अर्ध्यावर असताना दुसरा सुरू होई, आणि मध्ये किती वर्षे लोटली ते कळायला मार्ग नसे. विहिरीत टाकलेले मूल, गुलाम म्हणून विकलेला मुलगा, कैदेतला तरुण, मिसरच्या खजिन्याचा अधिकारी, या कथेत काळाच्या एवढ्या उड्या आहेत की सांधा हाच तिचा कणा. आणि त्या संचाच्या वेष्टनावर काय, तर सोन्याच्या सिंहासनावर बसलेले हजरत युसुफ.

इथे कोणी म्हणेल, ही कथा कोणाला माहीत नाही? सिंहासन दाखवले तर बिघडले काय? आक्षेप रास्त आहे. ज्याला हल्ली सर्रास स्पॉयलर म्हणतात त्याचा बाऊ आपण जरा जास्तच करतो असे आमचेही मत आहे. सूरह युसुफच्या १११ आयतींपैकी चौथ्या आयतीतच अकरा तारे, सूर्य आणि चंद्र यांचे स्वप्न येते, आणि त्याचा उलगडा शंभराव्या आयतीत होतो. म्हणजे शेवट आरंभीच दिलेला आहे. लागलीच वडील मुलाला बजावतात की हे स्वप्न भावांना सांगू नकोस. शेवट ठाऊक असलेला आणि तरी श्वास रोखून ऐकला जाणारा यापेक्षा मोठा किस्सा आम्हाला माहीत नाही. महाभारताचेही तेच. कुरुक्षेत्रावर कोण जिंकले हे न कळल्यामुळे कोणी टीव्हीपुढे बसत नव्हते.

मात्र स्वप्न आणि वेष्टन यांत फरक आहे. स्वप्न सांगणाऱ्याने सांगितलेले असते, त्याच्या जागी आणि त्याच्या वेळी. ते शेवट दाखवते आणि रस्ता झाकून ठेवते, म्हणून ऐकणारा रस्त्याकडे डोळे लावतो. विहीर आली की त्याला प्रश्न पडतो, इथून ताऱ्यांपर्यंत कसे पोचणार? वेष्टनावरचे सिंहासन ही विक्रेत्याची चहाडी. तिच्यामुळे मुलांना वाटते की बघण्यासारखे ते सिंहासनच, बाकी सगळी वाटचाल. आमच्या घरातली पोरे रिमोट हातात घेऊन विहीर पळवत होती, कैदखाना पळवत होती. ज्या कथेचा सारा अर्थ सब्र या एका शब्दात आहे, ती फास्ट फॉरवर्डवर पाहिली गेली.

आणखी एक बारकावा. कथा ठाऊक असली तरी दिग्दर्शकाने तिचे काय केले ते ठाऊक नसते. जुलेखाचे म्हातारी होणे, दृष्टी जाणे आणि पुन्हा तरुण होणे हे कुरआनातले नाही. ते फारसी काव्यपरंपरेतून, जामींसारख्या कवींच्या वाटेने आपल्या लोककथांत उतरले. सलहशूर यांनी ते घेतले आणि त्यावर भरपूर वेळ खर्च केला. सूरह पाठ असलेल्या प्रेक्षकालाही चकित करणारी मालिकेतली जागा ती हीच. आमच्या संचाच्या मेनूत पांढऱ्या केसांची जुलेखा आणि पुन्हा तरुण झालेली जुलेखा यांची चित्रे शेजारी शेजारी होती.

रहस्यकथेचा न्याय वेगळा. तिथे शेवट फुटला की हाती काहीच उरत नाही असे नाही, पण मुख्य सौदा बुडतो. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या अॅगाथा ख्रिस्तीच्या 'माउसट्रॅप' नाटकात प्रयोग संपल्यावर प्रेक्षकांना विनंती केली जाते की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. त्याच १९५२ साली अलाहाबादेहून इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' निघू लागली. त्या कादंबऱ्या भाड्याने आणून वाचणाऱ्यांचीही एक शिस्त होती. शेवटचे पान आधी उघडणारा हलका वाचक समजला जाई. बासू चटर्जी यांच्या १९९३ सालच्या 'ब्योमकेश बक्षी'सारख्या मालिकेच्या संचाला तरी मेनूत चेहरे देताना हे भान हवे.

हा हलगर्जीपणा केवळ आपल्याकडच्या स्वस्त संचांत होता असेही नाही. 'ट्विन पीक्स' या अमेरिकन मालिकेच्या पहिल्या पर्वाचा संच २००१ साली अमेरिकेत निघाला तेव्हा हक्कांच्या गुंत्यामुळे त्यात पहिलाच भाग नव्हता. ज्या भागात प्रेत सापडते तो सोडून तपास सुरू! तो भाग संचात यायला २००७ साल उजाडले. तुर्की 'एर्तुग्रुल'चे मूळ दीडशे लांबलचक भाग नेटफ्लिक्सवर ४४८ तुकड्यांत कापलेले होते. लेखकाने जिथे श्वास घेतलाच नाही तिथे भाग संपे, आणि जिथे घेतला ती जागा मध्येच कुठेतरी निघून जाई. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या मोहल्ल्यातली मुले मोबाइलवर ही मालिका बघत होती. तेव्हा एकमेकांना त्यांचा पहिला प्रश्न असे, तुझा कितवा भाग? आकडे कधीच जुळत नसत, कारण प्रत्येकाने वेगळीकडून, वेगळी कापलेली आवृत्ती घेतलेली.

आता संच जवळजवळ गेले. प्लेअर अडगळीत पडले, आणि मोबाइलच्या पडद्यावर गोषवारा वगळण्याचे बटण आले. ते बटण आम्हाला सीडीवरच्या कात्रीपेक्षा बरे वाटते. गोषवारा जागेवर असतो, नको त्याने पुढे जावे. पण पुढचा भाग आपोआप सुरू होण्याआधी कोपऱ्यात जे चित्र झळकते ते निवडताना कथा वाचलेला कोणी माणूस बसलेला असतो का, याची आम्हाला दाट शंका आहे.

शाळेच्या कपाटात आमच्याकडे 'मिर्झा गालिब'चा एक जुना संच अजून आहे. नववीच्या मुलांना दरवर्षी गालिबची गझल शिकवण्याआधी आम्ही तो लावतो, तासिकेत बसेल तेवढा, एका वेळी अर्धा भाग. मागचे कोणी सांगायचे, तर काल जो गैरहजर होता त्याच्या शेजारी बसणाऱ्याने, आणि पुढचे माहीत असलेल्याने गप्प बसायचे, असा वर्गाचा नियम आहे.