ट्रॉलपचा जमाखर्च

अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचें आत्मचरित्र त्याच्या पश्चात् १८८३ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या कीर्तीस ओहोटी लागली असें सांगण्याची चाल आहे. टपालखात्यांत नोकरी, पहाटे साडेपांचला घड्याळ पुढ्यांत ठेवून दर पाव तासास २५० शब्द, प्राप्ति ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स! स्फूर्तीच्या उपासकांस हा वाणीपणा रुचला नाहीं. परंतु त्याच ग्रंथांत आणखी एक नोंद आहे. मिसेस प्राउडी या पात्राचा कंटाळा आल्याचें दोन पाद्री क्लबांत बोलतांना ऐकून त्यानें तिला कादंबरींत मारून टाकलें. आणि अद्यापिहि आपण तिच्या छायेच्या सहवासांत राहतों, असें तो लिहितो. हें दुःख कोणत्या खात्यावर मांडावयाचें? स्फूर्तीची वाट पाहत बसलेल्या आमच्या किती लेखकांस आपल्या पात्राचा असा विरह झाला आहे?