एक तृतीयांश, पण कशाचा? फिनिक्स मिल ते फिनिक्स मॉल

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या तयारीला लागलेल्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: एखाद्या दाव्याची चिकित्सा करायची म्हणजे नेमकं काय करायचं? संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकायच्या आधी एक साधी सवय लावून घ्या. कुठेही टक्केवारी किंवा अपूर्णांक दिसला, की अंशाआधी छेद बघा. 'एक तृतीयांश' म्हटलं की विचारा, कशाचा? आज आपण हे मुंबईतल्या एका मॉलच्या निमित्ताने करून बघू.

लोअर परळची फिनिक्स मिल १९०५ सालची. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. कोकण, सातारा आणि आपल्याकडच्या जुन्नर-अकोले भागातूनही माणसं गिरणीत कामाला गेली होती. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. फिनिक्सच्या आवारात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस बोलिंग आलं, मग दुकानं, हॉटेलं आणि पुढे हाय स्ट्रीट फिनिक्स व पॅलेडियम. गिरणीची चिमणी मात्र अजून तिथे उभी आहे.

ही गोष्ट साधारण दोन प्रकारे सांगितली जाते. एक व्यवस्थापनाच्या वर्गातली: पडीक जागेचं सोनं झालं. दुसरी हळहळीची: गिरणगाव गेलं, मॉल आला. माझी तक्रार दोन्हींबद्दल आहे. पहिलीत फक्त नफा मोजलाय, दुसरीत काहीच मोजलेलं नाही. आणि ज्या नियमामुळे हे सगळं असं घडलं, तो दोन्हींत येत नाही.

तो नियम म्हणजे मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. ढोबळमानाने त्याचा अर्थ असा: गिरणी पाडून जमिनीचा पुनर्विकास केला, तर एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, साधारण तेवढीच सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. गिरण्यांची एकूण जमीन होती सुमारे ६०० एकर. मुंबईसारख्या दाटीच्या शहरात तिचा तिसरा हिस्सा बागा आणि मैदानांसाठी मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, बघा.

पण यात एक फट होती. वाटा द्यायचा तो पाडून नव्याने बांधलं तरच. त्यामुळे अनेक मालकांनी पाडायचं टाळलं. जुन्या शेड तशाच ठेवून त्यांचा वापर बदलला, की जमीन वाटायचा प्रश्न येत नव्हता. तेव्हा जुन्या शेडमधलं झकपक दुकान दिसलं की त्यात फक्त वारशाचं प्रेम शोधू नका, नियमही शोधा.

मार्च २००१ मध्ये नियम बदलला. वाट्याचे आकडे जवळजवळ तेच राहिले, पण आता ते संपूर्ण जमिनीवर लागू नव्हते. बांधकाम नसलेल्या, मोकळ्या जमिनीवरच लागू होते.

कागद घ्या आणि करून बघा. कल्पना करा, १२ एकरांची गिरणी आहे आणि ९ एकरांवर शेड आहेत. जुन्या नियमाने मोकळ्या जागेसाठी १२ चा तिसरा हिस्सा, म्हणजे ४ एकर. नव्या नियमाने ३ चा तिसरा हिस्सा, म्हणजे १ एकर. अपूर्णांक तोच, फक्त छेद बदलला आणि शहराची ३ एकर जागा गेली. गिरणीच्या आवारात बहुतेक जागा शेडनेच व्यापलेली असते, हे लक्षात घेतलं की हे उदाहरण काही टोकाचं वाटत नाही.

मुंबईतल्या एका पर्यावरण संस्थेने याविरुद्ध जनहित याचिका केली. सगळा वाद एका शब्दावर येऊन ठेपला. इमारत पाडल्यावर जी जागा मोकळी होते, ती 'मोकळी' धरायची की नाही? ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, धरायची. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. व्याख्येचं प्रकरण लिहायचा कंटाळा येतो ना? इथे एका व्याख्येवर शेकडो एकरांचा हिशेब फिरला.

दुसरी बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर ती चिकित्सा होत नाही. जुन्या नियमाखाली फारसं कोणी पुनर्विकासाला पुढे येत नव्हतं, जमिनी अडकल्या होत्या आणि कामगारांची देणीही थकली होती. जमीन मोकळी झाली तर ती देणी भागतील, हा बदलामागचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. माझा आक्षेप वेगळा आहे. शहराचा वाटा कमी करायचा होता, तर तसं उघड लिहून त्यावर चर्चा व्हायला हवी होती. 'एक तृतीयांश' कायम ठेवून छेद बदलला, की सामान्य वाचकाला काही बदललंय हेच कळत नाही.

हाच चष्मा लावून कामगारांच्या घरांकडे बघा. २०१२ ते २०२० या काळातल्या म्हाडाच्या सोडतींत मिळून सोळा हजारांच्या आत घरं निघाली. नुसतं ऐकलं तर आकडा बरा वाटतो. पण अर्ज होते जवळजवळ दीड लाख, म्हणजे नऊ-दहा अर्जांमागे एक घर. संपावर गेलेल्या अडीच लाखांशी तुलना केली तर सोळांमागे एक. बातमीत पहिला आकडा येतो, प्रबंधात तिन्ही यायला हवेत.

कधी कधी छेद दारातच कापला जातो. १९९९ मध्ये हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला. सुरुवातीला आत जायला मोबाईल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर ६० रुपये भरावे लागत. आता अशा मॉलच्या आत उभं राहून 'ग्राहकांचं समाधान' मोजलं, तर उत्तर काय येईल? जे दारातूनच परत गेले, ते तुमच्या तक्त्यात कधीच येणार नाहीत. नमुना निवडीतली चूक म्हणतात ती हीच.

हे फक्त मुंबईचं आहे असं समजू नका. समजा, उद्या अकोल्यात बाजाराच्या जागी व्यापारी संकुल बांधायचं ठरलं आणि जाहीर झालं, 'सर्व गाळेधारकांचं शंभर टक्के पुनर्वसन'. शंभर टक्के कशाचे? नोंद असलेल्या गाळेधारकांचे. मग बाजाराच्या दिवशी राजूर-कोतूळकडून येऊन जमिनीवर पोतं अंथरून भाजी, तांदूळ, नागली विकणाऱ्या बाईचं काय? तिच्या नावाची पावती फक्त त्या दिवसापुरती. ती अंशात नाही आणि छेदातही नाही, म्हणून शंभर टक्के पूर्ण भरतात.

तर हा गृहपाठ. आपल्या गावच्या बाजारात एका बाजारदिवशी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जा. पक्के गाळे, हातगाड्या आणि जमिनीवर बसलेले विक्रेते वेगवेगळे मोजा. मग कार्यालयातली यादी मागवा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहा. त्यांच्यात जो फरक निघेल, त्यावर चांगला सिनॉप्सिस उभा राहू शकतो. आणि पुनर्विकासाचा आराखडा यायच्या आधी मोजलंत तर त्या पोत्यावर बसलेल्या बाईलाही त्याचा उपयोग होईल. नंतर मोजायला ती तिथे नसेल.