पांढऱ्या भिंतींची शांतता

चर्चच्या अंतर्भागाचे चित्र समोर आले की कलासमीक्षक 'अध्यात्म' हा शब्द वापरतात आणि मोकळे होतात. पीटर सान्रेडाम (१५९७-१६६५) या डच चित्रकाराच्या वाट्याला हा शब्द वारंवार आला आहे. असेनडेल्फ्ट या त्याच्या जन्मगावच्या सिंट ओडुल्फस चर्चचे त्याने १६४९ साली काढलेले चित्र अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे. लाकडी फळीवरचे, सुमारे पाऊण मीटर रुंदीचे. पांढऱ्या भिंती, उंच खांब, निवळ उजेड. चित्रात शांतता आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न असा आहे की, ही शांतता आली कुठून?

ती आकाशातून उतरलेली नाही. १५६६ साली नेदरलँड्समध्ये मूर्तिभंजनाची लाट उसळली. संतांच्या मूर्ती फुटल्या. पुढे चर्चे प्रॉटेस्टंटांच्या ताब्यात गेली आणि भिंतींवरची चित्रे चुन्याखाली गाडली गेली. आपण जिला निर्मळ शुभ्रता म्हणतो, ती एका संघर्षाची खूण आहे. चित्रकारानेही ती समाधी लावून रंगवलेली नाही. तो चर्चमध्ये जाऊन मापे घेई, रेखाटने करी, त्यांवरून यथार्थदर्शनाचे काटेकोर आराखडे आखी. रेखाटन आणि चित्र यांच्यात कित्येकदा वर्षे लोटत. ही शांतता श्रमाने घडवलेली आहे.

आणि ती निर्मनुष्यही नाही. प्रवचन चालू आहे. व्यासपीठाभोवती माणसे ऐकत बसली आहेत. काही तर सरळ फरशीवरच. अगदी पुढे एक थडग्याचा दगड आहे. त्यावर चित्रकाराच्या वडिलांचे नाव आहे. ते कोरीव मुद्राचित्रे करणारे कारागीर. १६०७ साली ते वारले तेव्हा पीटर नऊ वर्षांचा होता. बेचाळीस वर्षांनी त्याने ते नाव वाचता येईल असे रंगवले. रडारड कुठेही नाही.

पण त्या दगडाचा आणखी एक अर्थ आहे. चर्चच्या आत, नाव कोरलेल्या दगडाखाली पुरले जाणे पैसा आणि प्रतिष्ठा असलेल्यांनाच साधे. गोरगरिबांना बाहेरच्या आवारातली माती. चित्रातला उजेड सर्वांवर सारखा पडतो. फरशी मात्र सर्वांची सारखी नाही. सान्रेडामने दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे मांडल्या. केवळ उजेडच पाहणारी समीक्षा त्याच्या चित्राचा अर्धाच भाग पाहते.