सलालचे लिथियम : दगड किती, धातू किती?

फेब्रुवारी २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या रियासी जिल्ह्यात, सलाल-हैमना भागात, ५९ लाख टन लिथियमचा साठा सापडल्याचे केंद्र सरकारच्या खाण मंत्रालयाने जाहीर केले. वृत्तपत्रांनी हा आकडा लगेच चिलीच्या ९० लाखांहून अधिक टनांशेजारी मांडला. भारत एका रात्रीत लिथियमसंपन्न झाला! अनेक शाळांच्या फलकांवरही ही बातमी झळकली असेल. या आकड्याविषयी आमची तक्रार आहे.

चिलीचा आकडा शुद्ध लिथियम धातूचा आहे. शिवाय तो आजच्या तंत्राने परवडेल अशा किमतीत काढता येण्याजोग्या साठ्याचा आहे. आपला आकडा आहे तो लिथियम ज्यात विखुरलेले आहे त्या बॉक्साइटयुक्त खडकाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा पट्टा लिलावाला निघाला तेव्हा त्यातील धातूचा आकडा पुढे आला : ३,४०० टनांहून थोडे अधिक. म्हणजे टनभर खडकात सुमारे ५७५ ग्रॅम. एकाची तुलना धान्याशी, दुसऱ्याची कडब्यासकट पेंढीशी, असा हा प्रकार झाला.

विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घ्यावे. विजेवर चालणाऱ्या एका मोटारीच्या बॅटरीत साधारण ८ किलो लिथियम लागते असे धरू. एक ग्रॅमही वाया गेला नाही, तरी ३,४०० टनांत सव्वाचार लाख मोटारी होतील. आपल्या देशात वर्षाला ४० लाखांहून अधिक प्रवासी मोटारी विकल्या जातात.

दुसरा घोटाळा 'साठा' या शब्दाचा. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या चार पायऱ्या आहेत. जी-४ ही टेहळणीची, जी-१ ही सविस्तर मोजणीची. सलालचा अंदाज जी-३ या पायरीवरचा, म्हणजे थोड्या नमुन्यांवरून बांधलेला होता. मंत्रालयाच्या पत्रकात 'अनुमानित' हा शब्द होता. पण आकडा खडकाचा की धातूचा, हे स्पष्ट केलेले नव्हते. दोष केवळ वार्ताहरांना देता येणार नाही.

बाजाराने मात्र हिशेब अचूक केला. पुरेसे पात्र बोलीदार न आल्याने मार्च २०२४ मध्ये हा लिलाव रद्द झाला आणि दुसऱ्या प्रयत्नातही यश आले नाही. जगातले बहुतेक लिथियम खाऱ्या पाण्यातून किंवा स्पोड्युमीन या खनिजातून निघते. मातकट खडकातून ते किफायतशीरपणे काढण्याचे तंत्र अजून रुळलेले नाही.

खनिज असले म्हणजे सारे झाले, ही समजूत आपल्याच अनुभवाने खोटी ठरवली आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये आहेत. त्यासाठी इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी १९५० मध्येच स्थापन झाली. साठ्यांत आपण जगात वरच्या क्रमांकावर आहोत; उत्पादनातला वाटा मात्र एक टक्क्याहूनही कमी. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या व त्यांपासूनच्या चुंबकांच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली, तेव्हा आपल्या वाहन कारखान्यांची धावपळ उडाली. वाळू होती, ती मूलद्रव्ये वेगळी करून चुंबक बनवणारी कारखान्यांची साखळी नव्हती.

२०२३ मध्ये सरकारने ३० महत्त्वाच्या खनिजांची यादी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी दिली. त्यात शुद्धीकरण आणि जुन्या बॅटऱ्यांतून धातू परत मिळवणे यांचाही समावेश आहे, हे स्वागतार्ह आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये चुंबकनिर्मितीसाठी वेगळी योजनाही आली. परंतु अभियानाचे यश १,२०० शोधप्रकल्पांच्या संख्येवर मोजले जाऊ लागले, तर सलालचीच पुनरावृत्ती होईल. ते मोजावे किती टन शुद्ध धातू हाती आला यावर.

साठ्याच्या प्रत्येक घोषणेत तीन गोष्टी असाव्यात, अशी आमची मागणी आहे : खडक किती, त्यात धातू किती आणि अंदाज कोणत्या पायरीवरचा. त्या नसतील, तर शिक्षकांनी वर्गात बातमी वाचताना त्या विचारायला शिकवावे. आकड्यापुढे 'कशाचे?' असे विचारणारा विद्यार्थी उद्याचा जागरूक नागरिक होईल. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना अनुदान.