‘लोकशत्रू’ वर्गात वाचताना

माध्यमिक शाळेत इंग्रजीचा धडा बहुधा शब्दार्थ आणि स्वभावचित्र लिहून संपतो. हेन्रिक इब्सेनच्या ‘अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल’ (१८८२) या नाटकाचे तसे होऊ नये, असे आम्हाला वाटते.

गावाची मिळकत ज्या स्नानगृहांवर अवलंबून, त्यांचे पाणी डॉ. स्टॉकमन विद्यापीठात तपासून घेतो. ते दूषित निघते. दुरुस्तीला पैसा व वेळ लागणार म्हणताच नगराध्यक्ष भाऊ, संपादक, घरमालक एकेक करून उलटतात आणि भरसभेत डॉक्टरच लोकशत्रू ठरतो. यांतला प्रत्येक जण आपापल्या पोटापाण्याला जपतो आहे. नाटकाचे बळ येथे आहे. नायकही निर्दोष नाही. पाण्याबद्दल त्याचे बरोबर, पण चिडून तो बहुसंख्यांनाच मूर्ख म्हणतो. विद्यार्थ्यांनी त्यालाही जाब विचारावा.

पानशेतच्या सहलीला हे नाटक जोडून पाहावे. आंबी नदीवरील मातीचे धरण काम अपुरे असतानाच भरले आणि १२ जुलै १९६१ रोजी फुटले. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. खालचे खडकवासलाही फुटून पुण्यात पूर आला. येथे एकच स्टॉकमन किंवा एकच खलनायक शोधणे चूक ठरेल. प्रश्न मात्र तोच: तंत्रज्ञाला कळलेला धोका लोकांना कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत सांगावा? मुलांनी यावर स्वतःच्या इंग्रजीत पाच ओळी लिहिल्या, तर धडा कळला म्हणावे.