वजिराची राणी होते तेव्हा

दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरून जे सामान खाली उतरते त्यात जुन्या आकाशकंदिलाच्या कामट्यांबरोबर बुद्धिबळाचा पटही असतो. एखादे प्यादे हरवलेले असते, त्याच्या जागी शर्टाचे बटण चालते. पटावर बाप-लेक बसतात, मामा-भाचे बसतात, सुट्टीला आलेले साडू बसतात. नवरा-बायको समोरासमोर बसलेले मात्र मी फार थोड्या घरांत पाहिले. शंकर-पार्वतीचा खेळ वेरूळच्या शिल्पात आहे, हे खरे. पण तो फाशांचा. फाशांत हरणाऱ्याला दैवाकडे बोट दाखवता येते. बुद्धिबळात ती सोय नाही. तिथे हरलो तो आपल्याच बुद्धीने, आणि जिंकणारा समोर बसलेला असतो.

नवऱ्याने बायकोला शिकवणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणी आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या आहेत. गोपाळराव जोशांनी आनंदीबाईंना कसे शिकवले आणि त्यात धाक किती होता, हेही आपण जाणतो. पण त्या शिक्षणात शिष्येची प्रगती म्हणजे गुरूचा पराभव नव्हता. रमाबाई इंग्रजी वाचू लागल्या म्हणून माधवरावांचे इंग्रजी कमी झाले नाही. बुद्धिबळाचे गणित वेगळे आहे. शिकवणी खरोखर यशस्वी झाली तर एके दिवशी शिकवणाऱ्याच्या राजाला मात बसायलाच हवी. ज्या लेखकांनी स्त्री-पुरुषांच्या गोष्टीत हा पट मांडला, त्यांनी या क्षणाचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रेमचंदांच्या ‘शतरंज के खिलाडी’ (१९२४) या कथेतील मिर्झांची बेगम पटावर येते ती तो उधळून लावायला. डोके दुखते म्हणून ती दासीकडून निरोपांवर निरोप पाठवते, नवऱ्याचा पाय डावातून निघत नाही, आणि शेवटी ती स्वतः बैठकीच्या खोलीत जाऊन सोंगट्या फेकून देते. मीरसाहेबांच्या बेगमेला तर नवरा घराबाहेर राहिलेलाच बरा वाटतो. कथेत दोघींची सहसा अडथळा आणि कपट म्हणून वासलात लागते. वाचकाचे लक्ष लखनौच्या ऱ्हासाकडे असते. पण मला नेहमी खटकते ते हे, की ज्या खेळापायी घर ओस पडले तो खेळ बेगमेला शिकवावा, हे मिर्झांच्या स्वप्नातही येत नाही. प्रेमचंदांनी दोन मित्रांना अखेर एकमेकांच्या तलवारीने मारले, त्याहून ही उपेक्षा मला अधिक क्रूर वाटते.

सत्यजित राय यांनी १९७७च्या चित्रपटात हे हेरले असावे. शबाना आझमींची खुर्शीद सोंगट्या लपवते. तरी ते दोघे थांबत नाहीत, लिंबू-टोमॅटो मांडून खेळतात. प्रेक्षक हसतो आणि मग त्याला जाणवते की या घरात स्वयंपाकघरातला टोमॅटो पटावर जाऊ शकतो, स्वयंपाकघराची मालकीण नाही. राय यांनी आणखी एक धागा विणला आहे. मुन्शीजी दोघांना इंग्रजी पद्धतीचा खेळ समजावून सांगतात: त्यात प्यादे पहिल्या खेपेस दोन घरे जाते आणि वजिराच्या जागी राणी असते. शेवटी राज्य गेल्यावर दोघे इंग्रजी पद्धतीने डाव मांडतात. वजीर जातो, राणी येते. पण ती येते व्हिक्टोरियाच्या रूपाने. खुर्शीद घरीच.

इथे एक आगंतुक गोष्ट सांगून टाकतो. जुन्या खेळात वजीर तिरका एकच घर सरकत असे. युरोपात त्याची राणी आधीच झाली होती. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची अफाट चाल मिळाली. आपण आज खेळतो तो खेळ हाच. चाल राणीची घेतली, पण नाव वजिराचेच ठेवले. मराठी पटावर बाई नाही.

शेक्सपिअरच्या ‘टेंपेस्ट’ (सुमारे १६११) या नाटकात पाचव्या अंकात पडदा सरतो आणि मिरांडा व फर्डिनंड खेळताना दिसतात. मोजून चार-पाच ओळींचा प्रसंग. ती लाडाने त्याच्यावर लबाडीचा आळ घेते, तो नाकारतो, आणि राज्यांसाठी केली असती तरी ती मी खेळीमेळीचीच म्हटली असती, अशा अर्थाचे काही ती बोलते. टीकाकार यातून राजकारण काढतात, ते काढोत. मला त्यातली नजर महत्त्वाची वाटते. लबाडी दिसण्यासाठी खेळ यावा लागतो. बारा वर्षे बेटावर राहिलेल्या या मुलीला तो बापाखेरीज कोण शिकवणार? म्हणजे प्रियकर समोर बसण्यापूर्वीच ती तयार झालेली आहे. लाडात का होईना, तिला चूक दिसते आणि ती बोलते. मग स्वतःच्याच तोंडाने ती माफही करून टाकते, हे मला जरा घाईचे वाटते.

आमच्याकडे हे उलटे झाले. माझ्या पत्नीचे माहेर कानडी. लग्नानंतर तिने मला कानडी शिकवली आणि मी तिला बुद्धिबळ. घोड्याला ती कुदुरे म्हणायची, मी घोडा. त्यावाचून काही अडले नाही. सासऱ्यांना मी एकदा ‘नीवु’च्या जागी ‘नीनु’ म्हणालो, तेव्हा भरल्या पंगतीत तिने मला थांबवून दुरुस्त केले. सगळे हसले, माझे कान तापले, पण ती चूक पुन्हा झाली नाही. मी मात्र पटावर तिला चाली परत घेऊ देत असे, उंट उगाच मारीत नसे, आणि तिसऱ्या-चौथ्या डावाला हळूच हरत असे. हे मी प्रेमापोटी करतो अशी माझी समजूत होती. एके रात्री वजीर फुकट सोडल्यावर तिने तो उचलला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा जागेवर ठेवला आणि पट मिटवला. तो काही वर्षे मिटलेलाच राहिला.

म्हणून २००९ सालचा ‘जुएझ’ हा फ्रेंच चित्रपट पाहताना मी जरा सावध होतो. बर्टिना हेनरिक्स यांच्या २००५च्या कादंबरीवर कारोलिन बोत्तारो यांनी तो काढला. कादंबरी ग्रीसमधल्या नाक्सोस बेटावर घडते, चित्रपट कोर्सिकात. हॉटेलातल्या खोल्या आवरणारी एलेन गच्चीत एका जोडप्याला खेळताना पाहते. त्या खेळात जे काही चालले आहे ते तिला आपल्या संसारात हवेसे वाटते. ती नवऱ्याच्या वाढदिवसाला विजेवर चालणारे बुद्धिबळाचे यंत्र आणते. त्याला त्यात रस नसतो. मग रात्री ती एकटीच त्या यंत्राशी झगडते, आणि ज्यांच्या घरी ती साफसफाईला जाते त्या डॉक्टर क्रोगरांकडे शिकू लागते. गावात कुजबुज होते, नवऱ्याला संशय येतो.

सांद्रिन बोनेर यांचा संयत अभिनय आणि केविन क्लाइन यांचा तुसडा डॉक्टर दोन्ही बघण्याजोगे आहेत. क्रोगर तिला सूट देत नाही, हा चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण. ती हरते, पुन्हा येते, पुन्हा हरते; जिंकते तेव्हा तो जय तिचा असतो. पण दिग्दर्शिकेने वाट सोपी केली, असेही मला वाटते. गुरू विधुर, विद्वान, पुस्तकांनी भरलेल्या घरातला. त्याच्यापाशी हरण्या-जिंकण्याला धुणीभांडी, बिले, मुलीचे शिक्षण यांचा संबंध नाही. खरा अवघड डाव नवऱ्यासमोरचा होता. वाढदिवसाच्या त्या एका प्रसंगात, वेष्टन सोडलेल्या यंत्राभोवती, तो मांडलेला आहे, आणि कॅमेरा तिथून लवकर हलतो. उरलेला चित्रपट देखणा आहे. तो प्रसंग मात्र खरा आहे.

ही सगळी कथा मी परवा पत्नीला सांगितली. फराळाचे डबे भरता भरता ती ऐकत होती. म्हणाली, “यंत्र बरे. ते मुद्दाम हरत नसेल.”

मी म्हटले, “तसे नाही. त्याला पातळ्या असतात. खालची पातळी लावली की ते वाईट खेळते.”

“म्हणजे तेही तुमच्यासारखेच,” ती म्हणाली, आणि झाकण लावून पुढचा डबा ओढला.